पहिला खांब

“हा कसा वाटतो?” कातारी ओरडला.

“चालेल.”

“काय म्हणालात?”

“चालेल, चालेल!”

कातार्‍याने तो कठड्याचा खांब भिंतीला टेकवून ठेवला आणि मागच्या ढिगातून दुसरा ओढून काढला. तळहाताने त्याच्यावरचा भुसा झटकला. “मग हा?”

“हाही चालेल.”

“अहो बाई, सगळंच चालत असेल तर निवडायला कशाला आलात? सगळीच स्थळं पसंत म्हणणारी पोरगी शेवटी घरीच राहते.”

बरोबर आलेली भाचेसून एकदम खाली बघायला लागली. आत्यांचं लग्न झालेलं नाही, हे त्या बिचार्‍याला कुठून माहीत असणार? पण आत्यांना, म्हणजे सिस्टरला, त्यात काही लागलं नाही. एरवी तिने त्याला तिथल्या तिथे गप्प केलं असतं. ‘राहिले की घरी, आणि घरानेच माझे पाय धरले’ असं काहीतरी ठेवून दिलं असतं. आज असलं उत्तर जिभेपर्यंत आलंच नाही. ती नुसती त्या खांबाकडे बघत राहिली. खांब चांगला होता. आधीचाही चांगला होता.

पत्र्याच्या त्या लांबट कारखान्यात दोन यंत्रं चालू होती. एकावर पलंगाचा पाय गरागरा फिरत होता आणि त्याच्यातून लाकडाच्या कुरळ्या पट्ट्या निघून खाली पडत होत्या. सगळा जन्म या घरघरीत काढल्यामुळे कातार्‍याचे कान गेले होते. जग आपल्याशी हळू बोलतं अशी त्याची समजूत होती आणि त्याचा राग म्हणून की काय, तो स्वतः मात्र गावाला ऐकू जाईल असं बोलत होता.

सिस्टर म्हणजे इस्पितळातली सिस्टर. शस्त्रक्रियेच्या वॉर्डात तिने उभी नोकरी काढली होती. निवृत्त होऊनही दूधवाला, वाणी, पोस्टमन सगळे तिला सिस्टरच म्हणत. पोराला ताप आला की शेजारणी अजून आधी तिच्या दारात येत आणि मग डॉक्टरकडे जात. गंमत अशी, की तिला सिस्टर म्हणण्याचा खरा हक्क ज्याचा, तो तिचा सख्खा भाऊ मात्र तिला कधी सिस्टर म्हणाला नाही. तो म्हणायचा, ‘ए बये’.

वहिनी गेली तेव्हा भाचा शाळेतही जात नव्हता. थोडे दिवस म्हणून ती दादाकडे राहायला आली. ते थोडे दिवस संपलेच नाहीत. भाचा मोठा झाला, शिकला, नोकरीसाठी दुसर्‍या गावी गेला, त्याचं लग्न झालं. आणि घरात हे दोघं भाऊ-बहीण एकमेकांवर खेकसत, एकमेकांची औषधं आठवून देत राहिले.

घर दादाने स्वतःच्या चालीने बांधलं होतं, म्हणजे गोगलगायीच्या. तो पाणी खात्यात कारकून होता. हातात चार पैसे आले की एक खोली, मग दोन वर्षं विश्रांती. खाली दोन खोल्या, वर दोन, त्याच्यावर गच्ची. मधून जिना. जिन्याच्या एका अंगाला भिंत आणि दुसरं अंग उघडं, सरळ बैठकीच्या खोलीत डोकावणारं. तिथे कठडा करायचा राहिला होता.

“अरे दादा, कठड्याचं बघ.”

“बघू की.”

“कोणीतरी पडेल एखाद दिवशी.”

“एका बाजूला भिंत आहे ना? माणसाला एक बाजू पुरते, बये.”

भाचा लहान असताना तिने वैतागून स्वतःच उघड्या बाजूने एक दोरी बांधली होती. त्याने तिचा झोका केला. मग तिने ती सोडून टाकली. पुढे कठडा हा त्या घरातला एक विनोदच होऊन बसला. कोणी पाहुणा आला आणि जिन्याकडे बघून काही म्हणाला, की दोघं एकदमच म्हणत, “पुढच्या महिन्यात!”

आणि एका दुपारी दादा गच्चीवरून वाळलेल्या चादरी घेऊन उतरत होता. दोन्ही हात भरलेले, हनुवटीने वरची चादर दाबून धरलेली. भिंतीला हात लावायला हातच नव्हता. ती स्वयंपाकघरात होती. आवाज झाला तो फार मोठा नव्हता. ती धावत आली तेव्हा तो बैठकीच्या फरशीवर आडवा होता, अंगावर आणि अंगाखाली चादरी, आणि तिला बघून पहिलं काय म्हणाला तर, “मळल्या गं सगळ्या.”

मांडीचं हाड मोडलं होतं. ते बसवलं, नीट बसलंही. पण पडून राहिलेल्या म्हातार्‍या माणसाच्या छातीत कफ धरतो तसा धरला, आणि मग तो काही सुटेना. तिच्याच जुन्या वॉर्डात, तिने कामाला लावलेल्या पोरींच्या हातांखाली दादा पडून होता. मध्येच एकदा मान वळवून म्हणाला, “बये, आता कठडा करूच.”

“तू घरी तर ये. मग करू.”

“पुढच्या महिन्यात,” तो म्हणाला आणि हसला, आणि हसता हसता खोकल्याने बेजार झाला.

तो गेला तेव्हा ती शेजारीच होती. तिने डोळे मिटले, हनुवटी बांधली, अंगावरची चादर सरळ केली आणि तिचे कोपरे गादीखाली नीट दुमडले. वॉर्डातल्या दोन पोरी रडत होत्या, त्यांना तिने पाणी दिलं. घरी माणसं जमली, त्यांना कुठे बसायचं ते सांगितलं. भाचा आला, गळ्यात पडला. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मागे कोणीतरी हळूच म्हणालं, “नर्स ना त्या. सवय असते.”

तिलाही आधी तसंच वाटलं. पण सवय नव्हती ही. शस्त्रक्रिया करून बाहेर आणलेला रोगी हसून सांगतो, सिस्टर, काही दुखत नाही हो! आणि आपण म्हणतो, बरं बरं, पडून राहा. कारण आपल्याला ठाऊक असतं, भूल अजून उतरायची आहे. ती तशी वाट बघत होती. एक आठवडा गेला, महिना गेला, दुसरा निम्मा सरला. भूल उतरेना. सकाळ व्हायची, संध्याकाळ व्हायची. कोणी काही विचारलं की ती म्हणायची, चालेल. भाचा बदली करून घेऊन बायकोसह इथेच राहायला आला. चालेल. बैठकीतली कपाटं हलवली. चालेल. पडदे बदलले. चालेल. आणि पहिल्याच आठवड्यापासून त्याने ध्यास घेतला होता तो कठड्याचा. “बाबांनी केला नाही, मी करतो.” लाकडाचाच करायचा, चांगला करायचा, आणि खांब आत्याने निवडायचे. तो स्वतः कामावर अडकला म्हणून बायकोला बरोबर धाडलं होतं.

भाचेसून बोलकी होती आणि मनाने चांगली होती. घरात पाय ठेवल्यापासून ती सारखी काहीतरी करत होती, कारण थांबलं की घरातली शांतता अंगावर येत होती. आता तिने मोबाइलमधले फोटो पुढे केले. “आत्या, हे बघा. पिळाचे खांब. दोरीला पीळ घालतात ना, तसे. घरात शिरल्या शिरल्या आपला जिनाच दिसतो, मग जरा बघण्यासारखा नको?”

“हो, छान आहेत.”

“खरंच आवडले? का माझ्यासाठी म्हणताय?”

“छान आहेत गं.”

कातार्‍याने मान वाकडी करून फोटो बघितला. “पिळाचे आहेत माझ्याकडे!” तो ओरडला आणि आत गेला.

तो आत आहे तेवढ्यात भाचेसून जवळ सरकली, तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, “आत्या, आम्ही दोघं बोलत होतो. तुमची खोली खाली आणली तर? बाबांची खोली रिकामीच आहे. उगाच दिवसातून दहादा चढउतार कशाला करायची तुम्ही? रागावणार नाही ना?”

“रागवायचं काय त्यात?”

“मग आणायची?”

“चालेल.”

भाचेसुनेने सुटकेचा श्वास टाकला. ही गोष्ट कशी काढावी याचा तिने दोन दिवस विचार केला असणार, हे सिस्टरला दिसत होतं. दादाची खोली. दादाचा पलंग. त्या पलंगावरून दिसणारं छत. तिने ते सगळं डोळ्यांपुढे आणून बघितलं. काहीच झालं नाही.

कातारी पिळाचा खांब खांद्यावर घेऊन आला आणि त्यांच्यासमोर उभा करून धरला. खांब खरोखर देखणा होता. “किती वर्षांचं घर आहे?” त्याने विचारलं.

“जुनं आहे!” भाचेसून मोठ्याने म्हणाली.

“आणि आजवर कठडा नव्हता? कमाल आहे! मग आत्ताच कुठून हौस आली?”

“हौस नाही,” सिस्टर म्हणाली.

“काय?”

“हौस नाही म्हटलं! भाऊ होता माझा. तो गेला!”

“कुठे गेला?”

भाचेसुनेने तिचा हात धरला. यंत्रं घरघरत होती. कातारी कानामागे पंजा धरून, भुवया वर करून, अगदी मनापासून उत्तराची वाट बघत होता.

“अहो, मेला!” सिस्टर जीव खाऊन ओरडली. “जिन्यावरून पडून मेला!”

नेमकं तेव्हाच पलीकडच्या कामगाराने पलंगाचा पाय उतरवायला यंत्र बंद केलं होतं, दुसरंही कोणीतरी थांबवलं. तिचा शेवटचा शब्द त्या पत्र्याच्या छपराखाली एकटाच राहिला. सगळे तिच्याकडे बघत होते.

हा शब्द तिने आजवर उच्चारला नव्हता. दादा गेला, दादा नाही, दादाचं झालं. असंच सगळे म्हणत आणि तीही म्हणे. हा ओरडण्याचा आवाज कोणाचा, असं क्षणभर तिला वाटलं. मग पायांखालचा भुसा मऊ आहे, हे तिला जाणवलं. इतका वेळ ती त्याच्यावर उभी होती.

कातार्‍याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. “मला नीट ऐकू येत नाही हो,” तो म्हणाला. या वेळी त्याचा आवाज साध्या माणसासारखा होता. “बसा जरा. स्टूल देऊ?”

“नको.”

“पाणी?”

“नको. तो खांब द्या इकडे.”

तिने पिळाचा खांब हातात घेतला. जड होता. खांबाच्या खाचांतून तिने बोट फिरवलं. “दिसायला चांगला आहे. पण या पिळात धूळ बसणार. रोज पुसावी लागेल.”

“मी पुसेन, आत्या,” भाचेसून घाईने म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

“पहिला महिना पुसशील.”

भाचेसून रडता रडता हसली. “मग राहू दे. साधेच घेऊ.”

“साधे कशाला? तुला आवडलेत ना? घर आता तुमचंही आहे. पिळाचेच करा हो!” ती कातार्‍याला म्हणाली. “पण जवळ जवळ लावा. मधून पोराचं डोकं जाईल इतकी फट नको.”

“पोर आहे घरात?”

“होईल कधीतरी!”

भाचेसून लाजली. कातारी हसला आणि त्याने लगेच बोटांनी दोन खांबांमधलं अंतर दाखवलं. मग म्हणाला, “आता राहिला पहिला. सगळ्यात खालचा, जाड. कठड्याचा सगळा भार त्याच्यावर. माणूस पायरीवर पाय टाकायच्या आधी त्याच्या डोक्यावर हात ठेवतो. त्याच्यावर काय हवं? गोळा, कळी, का चपटं?”

त्याने तिन्ही नमुने लाकडाच्या फळीवर मांडले. सिस्टरने गोळ्यावर हात ठेवला. गोळा मोठा होता, पंजा त्याच्यावर ताणला जात होता. तिने हात उचलला. कळीचं टोक तळहाताला टोचलं. चपट्या डोक्याच्या कडा बोटांना लागत होत्या. ती पुन्हा गोळ्याकडे आली. भाचेसून बघत होती. गेल्या दीड महिन्यात आत्यांनी कुठल्याही वस्तूला असा दुसर्‍यांदा हात लावलेला तिने पाहिला नव्हता.

“गोळाच,” सिस्टर म्हणाली. “पण याच्यापेक्षा लहान. हातात मावला पाहिजे. म्हातार्‍या हातात.”

कातार्‍याने आपला पंजा पुढे केला. “तुमचा हात बघू.” तिने हात पुढे केला. त्याने तो धरला नाही, नुसता आपल्या हाताशेजारी ठेवून अंदाज घेतला आणि मान डोलावली. “कळलं.”

कारखान्यातून बाहेर पडल्यावर रस्त्याच्या कडेने दोघी चालत राहिल्या. कोपर्‍यावर आल्यावर सिस्टर थांबली.

“अगं, ते खोलीचं.”

“हां?”

“मी वरच राहीन. माझी खोली वर आहे.”

“अहो पण आत्या, आत्ताच तर तुम्ही चालेल म्हणालात.”

“म्हणाले. पण नाही चालणार.”

भाचेसून तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बरं. मी सांगते त्यांना.”

“मीच सांगेन. तू कशाला बोलणी खातेस?”

भाच्याने आधी वाद घातला. वय, गुडघे, पावलं, सगळं काढलं. सिस्टर ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, “कठडा कशासाठी करतोयस मग?”

खांब आले त्या दिवशी सुतार सकाळीच आला. दिवसभर घरात ठोकाठोक चालली. भाचा कामावरून येईपर्यंत सगळं उभं राहिलं होतं; पॉलिशचा उग्र वास भरला होता, पण हात लावला तरी चालेल इतकं ते वाळलं होतं. सुतार हत्यारं गोळा करून निघून गेला. भाचेसून चहा टाकायला आत वळली. सिस्टर बैठकीत खुर्चीवर बसली होती.

भाचा कपडेही न बदलता जिन्यापाशी गेला. त्याने पहिल्या खांबावरच्या गोळ्यावर हात ठेवला आणि त्याला धक्का देऊन बघितला. मग दुसरा खांब हलवून बघितला. मग तिसरा. कामच असं होतं त्याचं. विमा कंपनीत होता, गाड्यांची, घरांची मोडतोड तपासायची सवय होती. एकेक खांब पकडून हलवत तो वर चढत होता.

“पक्का बसवलाय,” तो म्हणाला.

“हो.”

“हाही पक्का.”

वरच्या वळणाच्या जरा अलीकडे, दादा जिथून पडला होता तिथे, तो थांबला. तिथला खांब त्याने एका हाताने हलवला. मग दोन्ही हातांनी धरला. “आत्या, बघ. हलत नाही.”

“बघतेय.”

“अजिबात हलत नाही.” त्याने आणखी जोर लावला. “पूर्ण माणूस पडला ना याच्यावर, तरी काही होणार नाही. सगळा भार घेईल. बघ. हलतोय का? सांग, हलतोय का?”

“नाही हलत.”

“नाहीच हलत,” तो म्हणाला, आणि अंगातली सगळी ताकद लावून तो खांब गदागदा हलवायला लागला. खांब जागचा हलत नव्हता. हलत होता तो स्वतः. त्याच्या तोंडून एक आवाज निघाला, लहानपणी झोपेतून दचकून उठल्यावर निघायचा तसा. चहाचे कप घेऊन बाहेर आलेली भाचेसून दारातच थबकली. सिस्टरने मानेनेच तिला आत जायला सांगितलं.

मग ती उठली. कठडा धरून पायर्‍या चढत त्याच्यापर्यंत गेली. त्याची बोटं पिळाच्या खाचांत रुतून पांढरी पडली होती. एकेक करून तिने ती सोडवली.

“बस,” ती म्हणाली.

तो पायरीवर बसला. ती त्याच्या शेजारी बसली. जिना दोन माणसांना शेजारी बसायला अरुंदच होता. एका बाजूने भिंत तिच्या खांद्याला लागत होती, दुसर्‍या बाजूने त्याचं अंग. त्याने डोकं तिच्या मांडीवर ठेवलं. इतका मोठा माणूस, बूटसुद्धा काढले नव्हते.

“मी आलो असतो ना आधी,” तो म्हणत होता. “एका रविवारी येऊन करून टाकलं असतं.”

“हो रे.”

“एक रविवार लागला असता.”

“हो.”

ती त्याला गप्प हो म्हणाली नाही आणि रड असंही म्हणाली नाही. तिचे स्वतःचे डोळे कोरडेच होते. खाली बैठकीत दिवा लागला. भाचेसुनेने लावला असावा.

तिच्या बोटांनी आपण होऊन त्याचं मनगट शोधलं आणि बोटं नाडीवर येऊन थांबली. नाडी फार जोरात धावत होती. तिने मोजली नाही. नुसती धरून बसली. बर्‍याच वेळाने नाडी हळूहळू ताळ्यावर आली, श्वास लांब झाले, मांडीवरचं डोकं जड झालं.

तरी तिने मनगट सोडलं नाही.